करुणाताईची वाकडी पात

अड्याळच्या बाजूला करुणाताई निनावे हे नाव सहज घेऊन पाहा. चहा तर सोडाच, कोणी पाणीही विचारणार नाही. पोरींच्या बापांना ती पोरी बिघडवणारी वाटते, मायांना कामाचे हात पळवणारी. आणि भंडाऱ्याच्या ज्या कॉलेजात ती वाचनालयात पुस्तकं देते-घेते, तिथल्या बाबूंना तर ती डोक्याला ताप वाटते. त्यांचंही सगळंच चुकतं असं नाही. बाईचा आवाज मोठा, जीभ तिखट, आणि माघार कशी घेतात हे तिला कोणी शिकवलेलंच नाही.

माहेरी माग, सासरी माग, अशी ही कोष्ट्याच्या घरातली बाई. त्याच कॉलेजात टेबलं पुसता पुसता चाळिशी उलटल्यावर तिनं बी.ए. केलं. तेव्हापासून एकच खूळ. गरिबाघरची पोरगी दिसली की विचारायचं, "बारावी झाली ना? मंग घरी काय करून राहिली?" जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळ्यासाठी पोरीचा हात धरून तहसीलच्या खिडकीशी भांडायचं. कोणी 'उद्या या' म्हणालं, की ही खिडकीसमोरच बसकण मारते.

पण तिच्या हातून एक पाप घडलंय आणि अड्याळ ते विसरलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी तिनं एका दमात अकरा पोरींना कॉलेजात घातलं. पेपरात फोटो आला. त्या अकरा जणींत रुपा होती, अड्याळच्या मजुरीवर जाणाऱ्या मनकर्णाबाईची थोरली लेक. पहिल्या वर्षाला तिचे दोन विषय राहिले. निकालावर एटीकेटी असं लिहिलं होतं. म्हणजे राहिलेले विषय नंतर देता येतात, दुसऱ्या वर्षात खुशाल बसता येतं. पण घरात हे कोणाला ठाऊक असणार? रुपा म्हणाली, "माय, मी नापास झाली." दप्तर खुंटीला टांगलं आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. करुणाताई तेव्हा पुढच्या वर्षीच्या पोरींचे फॉर्म भरण्यात गुंग होती. रुपा कुठं गेली हे तिनं विचारलंच नाही. दीड वर्षानं तिला अड्याळच्या बाजारात कळलं, तेही मनकर्णाबाईच्या तोंडून, शिव्यांसकट, भर गर्दीत.

"फॉर्म भरला, फोटो काढला, आन माही पोट्टी अर्ध्यात सोडली!"

तेव्हापासून पोरीच्या हातात पदवी पडेपर्यंत ती पिच्छा सोडत नाही, आणि म्हणून लोक तिला जास्तच शिव्या देतात.

मनकर्णाबाईची धाकटी गुड्डी आईशी भांडून बी.एस्सी.ला गेली. शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्राचा एक पेपर अडकला. पुरवणी परीक्षेचा फॉर्म मोबाइलवर भरून झाला होता, पण त्याच्या प्रतीवर कॉलेजात येऊन स्वतः सही करायची होती. शेवटची तारीख गुरुवार, दुपारी चारपर्यंत. त्या दिवशी सकाळी करुणाताईनं फलकावरची सही झालेल्यांची यादी पाहिली, तर गुड्डीचं नाव नाही. फोन लावला, नुसता वाजत राहिला. धान रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. फोन घरात फळीवर आणि माणूस चिखलात.

"पोरगी रोवण्याले गेली असन. उद्या सही घ्या तिची," ती परीक्षा विभागात म्हणाली.

"हे काय कृषी खातं हाये काय, बाई?" बाबू म्हणाले.

ती काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं अड्याळची एसटी धरली.

शेतमालक भय्याजींच्या बांधीत, म्हणजे खाचरात, बारा बाया ओळीनं वाकून धान रोवत होत्या. टोळीची मुकादमीण मनकर्णाबाईच. तिचा कायदा सोपा होता. ठेक्यानं घेतलेली बांधी त्याच दिवशी संपवायची, आणि एकदा आपली पात, आपल्या वाट्याची ओळ, धरली की ती पुरी झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. एक जण निघाली की तिची पात दुसऱ्यांच्या कमरेवर येते.

"गुड्डी, नीघ बाहेर! आज फॉर्मची शेवटची तारीख हाये!" करुणाताई धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून ओरडली.

गुड्डी सरळ झाली. हातात रोपांची पेंडी तशीच. तिनं आधी आईकडं पाहिलं.

"हात चालव व," मान वर न करता मनकर्णाबाई म्हणाली.

"एक पेपर राहिला तिचा, मनकर्णाबाई. एकच! आज सही नाही झाली तर आणखी वर्ष जाईन. मंग हे पोट्टी परत कॉलेजात पाय ठेवन काय?"

मनकर्णाबाई आता उभी राहिली. "आल्या फोटोवाल्या मॅडम! माही एक पोट्टी खाऊन पोट नाही भरलं काय तुहं?"

दोघीतिघी खुदकन हसल्या.

"रुपाच्या वक्ती चुकलं माहं. हजारदा चुकलं. त्याची सजा हिले कायले देऊन राहिली?"

"सजा? हे रोपं उपटून ठेवले सकाळीच. उद्यापर्यंत पिवळे पडतीन. हिची पात कोन रोवन? तू?"

"हाव. मीच."

आणि कामावर घालायच्या चांगल्या साडीचा काष्टा मारून करुणाताई चिखलात उतरलीसुद्धा.

"ताई, तुमाले येते काय रोवता?" गुड्डीनं घाबरून विचारलं.

"तू पळ. एकची गाडी पकड."

मनकर्णाबाईनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. गुड्डी चिखलाच्या पायांनीच धुऱ्यावरून पळत सुटली.

मागावर तुटलेला धागा डोळे मिटून सांधणारी ही बाई, पण धानाच्या चिखलात तिचे हात अगदी आंधळे निघाले. कुठं रोपांचा झुबकाच रोवला, कुठं इतकं वर लावलं की रोप पाण्यावर तरंगू लागलं. रोवताना मागं मागं सरकायचं असतं. ही पुढं निघाली आणि आपलीच रोपं तुडवत गेली. बाया पोट धरून हसल्या. "मॅडम, बी.ए.त हे शिकवत नाहीत काय?"

मनकर्णाबाई आली, तिनं दोन हात लांब ओळीतली रोपं सपासप उपटली आणि तिच्या पुढ्यात टाकली. "परत लाव."

तिनं परत लावली. मनकर्णाबाईनं परत उपटली. तिसऱ्या वेळी करुणाताईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं. पण भांडण्याऐवजी ती पुन्हा वाकली, आणि तिच्या उभ्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

चारच्या सुमारास बाकीच्यांच्या पाती संपल्या. एकीनं दया येऊन पेंडी उचलली, तशी मनकर्णाबाई खेकसली, "कोनी हात लावाचा नाही. जिची पात तिनंच पुरी कराची."

सगळ्या धुऱ्यावर जाऊन बसल्या. मनकर्णाबाई मात्र पाण्यातच उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, शेवटचं रोप लागेपर्यंत. साडेपाच वाजले. ओळ नागमोडी होती, पण पुरी होती. परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाई, सीट खराब होईन, बसू नका." करुणाताई भंडाऱ्यापर्यंत उभी राहून आली. गुड्डीची सही झाली होती, चारला दहा मिनिटं कमी असताना.

धान कापणीला आलं तेव्हा निकाल लागला. गुड्डी पास झाली. अड्याळहून पेढा काही आला नाही, आणि करुणाताईनं त्याची वाटही पाहिली नव्हती.

आठवड्यानं वाचनालयाच्या टेबलासमोर मनकर्णाबाईच उभी. करुणाताईनं पेन खाली ठेवला आणि भांडायची तयारी केली.

"तुही पात वाकडीच आली," मनकर्णाबाई म्हणाली. "भय्याजी अजून हासते."

"हे सांगाले इतक्या दूर आली काय?"

मनकर्णाबाईनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. रुपाच्या पहिल्या वर्षाचा निकाल. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टीनं जोडलेला. इतकी वर्षं तिनं तो जपून ठेवला होता.

"जावई नाही म्हनते. त्याले मी पाहून घेईन. तू रुपाचं पुढचं भर."

करुणाताईनं कागद दोनदा वाचला. खोटं बोलायची तिला फार इच्छा झाली. "हा आता चालत नाही," ती म्हणाली. "मुदत सरली. रुपाले पयल्या वर्षापासून बसा लागन."

आता मनकर्णाबाई बाजारातल्यासारखी ओरडणार, असं करुणाताईला वाटलं. ओरडली असती तरी तिचा हक्कच होता.

"मंग पयल्यापासून भर," मनकर्णाबाई म्हणाली. "तुहं तोंड मले अजूनही पाहावत नाही, करुणा. पन त्या दिवशी बांधीतून तू पात पुरी करूनच निघाली. ते मी पायलं."

मोबाइलवर भरण्याआधी करुणाताई सगळं कोऱ्या कागदावर लिहून घेते. तिनं कागद ओढला आणि नाव लिहायला घेतलं. रेघा नसलेल्या कागदावर अक्षरं खाली घसरू लागली.

"सरळ लिही," मनकर्णाबाई म्हणाली.