तक्त्यातलं धान

चिचगडच्या बाजूला आमचं गाव. तिथे मी शाळामास्तर होतो, आणि हिंदी-इंग्रजी लिहू-वाचू शकणारा गावात मी एकटाच. लिहिता येणाऱ्या माणसाचं गावाला मोठं कौतुक असतं, पण ते लिहायची वेळ येईपर्यंतच. मला तेव्हा चोविसावं चालू होतं. आज सत्तरी उलटली, तरी त्या एका दुपारी मी जे लिहून दिलं त्याची लाज गेलेली नाही. ती जाऊ नये असंच मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. त्या साली पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो फिरकलाच नाही. धान लोंबी धरता धरता वाळलं. पिकली ती फक्त लाखोरीची, म्हणजे लाखेची डाळ. आमच्याकडे तिचं बी धान उभं असतानाच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या चिखलात फेकतात. तिला ना नांगर लागतो, ना खत, ना लाड. फाल्गुनात ती घरात आली आणि बाबांनी सालगड्यांची मजुरी लाखोरीत द्यायला सुरुवात केली. सगळ्याच जमीनवाल्यांनी केली. आमच्या कोठीत जुनं धान होतं, पण गोंदियाच्या गिरण्यांत त्याला कधी नव्हे तो भाव आला होता. आम्ही भात खायचो, आमचे गडी लाखोरीच्या पिठाची भाकर खायचे, आणि यात काही वावगं आहे असं आमच्या घरात कोणाला वाटलं नाही. मलाही नाही.

आमचा सालगडी माझ्याच वयाचा. तळ्यात पोहायला मी त्याच्याकडूनच शिकलो होतो. गावात त्याच्याइतका दांडगा गडी नव्हता. चिखलात रुतलेली गाडी तो बैलांना बाजूला करून खांद्याने काढायचा. आषाढात रोवणी चालू असताना तो बांधावर पडला. उठला, हसला आणि पुन्हा पडला. आठ दिवसांत त्याच्या टाचा जमिनीला टेकेनात. चवड्यांवर चालायचा, गुडघे एकमेकांना घासायचे, आणि एका पायाची दुसऱ्यात अढी पडायची. आधी एक काठी आली, श्रावण संपायच्या आत दुसरी. गावात असे आणखी चौघे झाले, सगळे तरणेबांड. लोक म्हणाले, पाण्यात उभं राहून वारं भरलं. कोणी म्हणाले, करणी. देवऋषी झाला, कोंबडं झालं, कडू तेल झालं. त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आमच्याकडे कामाला लागला आणि बाबांनी त्यालाही तेच धान्य मोजलं.

मार्गशीर्षात सांगावा आला की पायांच्या या दुखण्याची चौकशी करायला सरकारी डॉक्टर येतोय, आणि त्याचा तक्ता मास्तरांनी भरायचा. त्याच्या आधीच गावात बातमी फुटली होती की सरकार लाखोरी बंद करणार. पेरली तर दंड, खाल्ली तर दंड. बातमी कुठून आली कोण जाणे. सरकारकडून चांगलं काही येईल असं कोणाच्या मनातही आलं नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं?

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसलो होतो. मायने लाखोरीची डाळ एक उकळी काढून उतरवली आणि ते सगळं पाणी मागच्या दारी ओतून दिलं. मग नवं पाणी घालून पुन्हा चढवली. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण त्या दिवशी विचारलं, "माय, हे पानी कायले फेकतं?"

"त्याच्यात वारं असते," ती म्हणाली. "पाय धरते. माही माय फेके, मी बी फेकतो. ढोरायलेबी देत नाही."

मी हातातला पेला खाली ठेवला. "मंग आपल्या गड्याले काऊन सांगितलं नाही?"

"मले कोनी इचारलं?" माय म्हणाली, आणि फुंकणी घेऊन चूल फुंकायला लागली.

आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात. आमच्या घरात तर डोळस बाई दळत होती. मला तिचा भयंकर राग आला. पण माझं तरी काय? चोवीस वर्षं त्या चुलीपाशी जेवलो आणि एकदाही विचारलं नाही. तसाच उठलो आणि सालगड्याच्या झोपडीकडे निघालो. मला वाटलं, औषध सापडलं! चालताना मी मनातल्या मनात त्या डॉक्टरलाही शिकवून मोकळा झालो होतो.

तो दारात पाय पसरून बसला होता. बायको लाखोरीच पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, उकळा, पाणी फेका, पुन्हा शिजवा. तिने हात थांबवून ऐकून घेतलं.

"गुरुजी, पानी फेकलं तं पोरं पेज कायची पितीन?" ती म्हणाली. "तेच पानी तं पितात. आन् दोनदा शिजवाले लाकडं कोन देते? भाकर थापली का काम झालं. तुमच्या घरी भात आहे जी, तुमी फेकू शकता."

पेज म्हणजे तेच पाणी हे मला ठाऊकच नव्हतं. मी चाललो होतो गरिबाला शहाणं करायला! हात दाखवून अवलक्षण ते हेच.

मी निघालो तेव्हा सालगड्याने माझं धोतर धरलं. "उद्या खरं लिवू नोका, गुरुजी. लाखोरी बंद झाली तं आमी खाऊ काय? माहे पाय तं गेलेच. बंद केल्यानं ते वापस येनार हायेत का?"

"आन् तुह्या भावाचे पाय?" मी विचारलं.

त्याने धोतर सोडलं. "उपाशी मरन्यापेक्षा लंगडा बरा," तो म्हणाला. घरी आलो तर बाबांचंही तेच मागणं होतं, फक्त कारण दुसरं. धान विकून गड्यांना लाखोरी दिली हे सरकारी कागदावर चढायला नको.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. उंच, खोकणारा, थकलेला माणूस. पाचही जणांना त्याने शाळेच्या ओसरीवर निजवलं, तळव्यांवर काडी ओढली, गुडघ्यांवर हातोडी मारली. पाय असे उडाले की बघणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मग तक्ता माझ्यासमोर आला. नाव, वय, जात, गावात किती वर्षं, विहीर की तळं, आणि मग रकाना: रोजचं अन्न.

"क्या खाते हो?" डॉक्टरने सालगड्याला विचारलं.

"धान, साहेब. भात खातो."

"लाखोरी?"

"नाही जी."

बाकीच्या चौघांनीही तेच सांगितलं. त्यातल्या एकाच्या ओठाला सकाळच्या भाकरीचं पिवळं पीठ तसंच लागलेलं होतं. डॉक्टर आंधळा नव्हता. त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्टरजी, आप तो यहीं के हैं. सच बताइए, ये लोग क्या खाते हैं?"

ओसरीखाली बाबा उभे होते. समोर सालगडी माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्यामागे त्याचा धाकटा भाऊ, दोन्ही पायांवर सरळ उभा. मी म्हणालो, "धान ही खाते हैं, साहब." आणि रकान्यात लिहिलं: धान. पाच वेळा लिहिलं. बापासाठी लिहिलं की त्यांच्यासाठी, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. खरं सांगतो, मी भ्यालो होतो, आणि दोघांच्याही आड लपायला मला जागा सापडली होती.

कागद गुंडाळताना डॉक्टर म्हणाला की दुसऱ्या जिल्ह्यात त्याने अगदी असेच पाय पाहिले आहेत. तिथे लाखोरी निघाली होती. "यहाँ भी निकलती, तो मैं लिखता कि मजदूरी में धान ही दिया जाए. लाखोरी बंद करने की बात किसने कही? गरीब का पेट काटकर इलाज होता है क्या?"

शाई अजून ओली होती. मी तोंड उघडलं असतं तर बैलगाडी जुंपेपर्यंत नवा तक्ता भरून झाला असता. मी त्याची पेटी उचलून गाडीत ठेवली आणि नमस्कार केला. माझ्या बापाला धरायचं त्याच्या मनात नव्हतं, गड्यांची लाखोरी बंद करायचंही नव्हतं, आणि मी मात्र दोन्ही भयांचा हमाल होऊन उभा राहिलो. पुढे तहसिलीतल्या कारकुनाकडून कळलं की आमच्या भागाचं दुखणं ओलीमुळे होतं असा शेरा पडला आणि चौकशी तिथेच संपली.

दुष्काळानंतरच्या या साली धान बरं झालं होतं. आता तरी बाबा गड्यांना धान देतील असं मला वाटत होतं, पण खळ्यावरूनच गाड्या भरल्या आणि गोंदियाला गेल्या. माघ महिन्यात एका सकाळी धाकटा भाऊ आपलं धान्य न्यायला आला. मी कोठीच्या दारात उभा होतो. त्याने टोपली खाली ठेवली आणि वाकून पोटरी दाबली.

"काय होते?" मी विचारलं.

"काई नाही, गुरुजी. सकाळी उठलो का पिंढऱ्या ओढतात. थंडी हाये न."

बाबा आत लाखोरीच्या ढिगात माप खुपसत होते. जन्मात पहिल्यांदा मी त्यांचा हात धरला. "बाबा, याले धान द्या. तुमच्या पाया पडतो. याचेबी पाय जातीन."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. हात सोडवून घेतला, माप शीग लावून भरलं आणि त्याच्या टोपलीत ओतलं.

"धानच तं देतो आपन," ते म्हणाले. "तूच लिवून देल्लं न सरकारले?"