आनंदाबाईंच्या चाकूची कडी

तानबाजी,

तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. असतात तरी हा कागद "वाचून दाखवा नं बाई" म्हणून माझ्याच हातात दिला असता. तरी लिहिते.

सत्त्याण्णव साली मी पिपरी मेघ्याहून नालवाडीत तुमच्या भात्यावर चाकू करून घ्यायला आले. तुमची रीत वेगळी. ऐरणीवर ओल्या मातीचा गोळा ठेवायचा, गिऱ्हाइकानं तो मुठीत दाबायचा, आणि त्या ठशावरून तुम्ही तिवसाच्या लाकडाची मूठ तासायची. मुठीच्या तोंडाशी तांब्याची कडी, आरपार तांब्याचे खिळे. मी गोळा दाबला, चाकू झाला, आणि घरी तो हातात बसेचना. तिसऱ्या दिवशी भांडायला आले.

तुम्ही पुढ्यात कांदा ठेवलात. "चिरा."

मी चिरला. तुम्ही बघतच राहिलात.

"बाई, तुम्ही डावऱ्या! मंग उजवा हात काऊन देल्ला?"

"ऐरणीला कुंकू लावलेलं. तिथे डावा हात कसा पुढे करायचा?"

"एवढं कॉलेज शिकून? ऐरणीले काय समजते डावं-उजवं!"

आत तुमच्या घरच्या, आनंदाबाई, खो खो हसल्या.

डाव्या हाताची मूठ नव्यानं करायची म्हणून तुम्ही माझी कडी कापून काढलीत. ती वाया गेली. मग कोनाड्यातून फडक्यात बांधलेलं तांबं काढलंत, तेव्हा आनंदाबाईंचं हसू थांबलं.

"ते माह्या चाकूचं व्हय."

लोहाराच्या घरात तीस वर्षं ती बाई मोडक्या इळ्यानं भाजी चिरत होती. आता कुठे तिचं पातं आणि मूठ तयार होती, तांबं तेवढं बसवायचं होतं.

"गिऱ्हाईक दारात हाय. तुह्यासाठी दुसरं पाहू."

"पाहा! तीस वर्षं पाहूनच राह्यली मी."

माझी मान खाली गेली. म्हटलं, सासूबाईंची बुडाला भोक पडलेली तांब्याची कळशी आहे, सोमवारी आणते.

"आणजा," तुम्ही म्हणालात आणि आनंदाबाईंचं तांबं माझ्या चाकूला बसवलंत.

सोमवारी पेपर तपासायचे होते. मग भाचीचं लग्न, मग मोतीबिंदू. खरं सांगू? कळशी माळ्यावर होती आणि मला स्टुलावर चढायचा कंटाळा. माझा चाकू मात्र लोण्यासारखा चालत होता. दोन वर्षं बाजारात भेटायचात, कळशीचं नावही काढलं नाहीत. फक्त विचारायचात, "हात बसला नं बाई?"

पौषात तुम्ही गेलात. भेटायला आले तेव्हा आनंदाबाई त्यांच्या त्याच बिनकडीच्या चाकूनं मेथी चिरत होत्या. पातं मुठीत हलू नये म्हणून सुतळीचे वेढे दिलेले. मला पाहून त्यांनी तो खाली ठेवला, चहा टाकला.

तेव्हाही मी रिकाम्या हातानंच आले होते. कळशी अजून माळ्यावर आहे.