बत्तीसबाईंची फाइल

ऑफिसात त्यांना सगळे बत्तीसबाई म्हणत, तेही तोंडावर. एका आजारपणात उजवा डोळा गेला होता आणि डाव्याला पडद्यावरची अक्षरं बत्तीसच्या आकाराची लागत. बाकीच्यांचं चौदात भागे.

बसथांब्यांवर पुढची बस किती मिनिटांत येणार हे दाखवणारे फलक असतात ना, त्यांच्यामागचा प्रोग्राम या ऑफिसात लिहिला जाई. बाई तिथे टायपिस्ट म्हणून आल्या आणि शेजारच्या टेबलावर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकल्या. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवसांचं वेळापत्रक हा त्यांचा प्रांत. त्यात हात घालायची कुणाची छाती होत नसे.

मग नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं की सगळ्यांचे पडदे एकसारखे दिसले पाहिजेत. दर सोमवारी सकाळी प्रत्येक मशीनची सेटिंग पुसून नव्यानं घातली जाऊ लागली. बाईंची मोठी अक्षरं, फिकट पिवळा पडदा, डावीकडे वेळापत्रकाच्या नियमांची फाइल आणि उजवीकडे ते तपासणाऱ्या चाचण्यांची, सगळंच साफ. सोमवारचा पहिला तास भिंग लावून मेनूतली मुंगीएवढी अक्षरं शोधण्यात जाई.

तीन सोमवार बाईंनी सोसले. चौथ्याच्या आधी त्यांना प्रोजेक्ट फाइलचा शोध लागला. कुठलं फोल्डर उघडायचं, अक्षर केवढं, रंग कुठला, हे त्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं की ती उघडताच एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, पडदा तसाच मांडून देई. मशीन पुसलं तरी फाइलला धक्का नाही. बाईंनी आपलं सगळं तीत लिहून टाकलं.

फक्त ती फाइल सगळ्यांची होती. प्रोग्रामबरोबर ती तेराही मशीनवर पोचली आणि सकाळी ऑफिसभर एकच गलका उडाला.

"अरे, माझ्या पडद्यावर भोपळे आलेत भोपळे!"

साहेबांच्या पडद्यावरही तेच. बाईंना आत बोलावणं आलं.

"हा काय पोरखेळ आहे, बाई?"

"चुकलं, साहेब. फाइल सामायिक आहे हे ध्यानात आलं नाही. आत्ता दुरुस्त करते."

"कराच. आणि यापुढे सगळ्यांसारखं चौदावर काम करायचं. झेपत नसेल तर चौकशीच्या खिडकीवर जागा रिकामी आहे."

बाई उठल्या. "चूक माझी, ती मी निस्तरते. पण चौदावर काम करणार नाही, आणि खिडकीवरही जाणार नाही."

बाहेर येऊन बाई थेट मशीनसमोर बसल्या. सामायिक फाइल त्यांनी पाच मिनिटांत पहिल्यासारखी केली.

घरी नवरा शिवणयंत्रावर वाकला होता. सगळं ऐकून म्हणाला, "कशाला दगडावर डोकं आपटतेस? निवृत्तीला सहा वर्षं तर राहिलीत."

"तुमच्या दुकानात आलेल्या प्रत्येकाला एकाच मापाचा सदरा घालून पाठवाल?"

"वेडी आहेस का? कापडाचा तागा एकच असला तरी मापाची चिठ्ठी ज्याची त्याची."

बाई ताडकन उठल्या. "मग चिठ्ठी ताग्याला कशाला टाचली मी!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली वेगळी प्रोजेक्ट फाइल केली. फोल्डर तेच, सगळ्यांचं; सेटिंग त्यांची. फाइल ठेवली सर्व्हरवरच्या, म्हणजे ऑफिसच्या मधल्या मशीनवरच्या, स्वतःच्या जागेत; सोमवारची पुसापुशी तिथवर पोचत नसे. तिच्याशेजारी एडिटर आपण होऊन आणखी एक फाइल ठेवी: कोणत्या फाइली उघड्या होत्या आणि कर्सर कुठल्या ओळीवर थांबला होता याची.

सोमवारी मशीन पुसलं गेलं. बाईंनी फाइल उघडली. बत्तीस.

साहेब स्वतः टेबलाशी आले. "मी काय सांगितलं होतं?"

"सगळ्यांच्या फाइलला मी बोट लावलेलं नाही. ही माझी आहे. ही पुसायची असेल तर तसं लेखी द्या. लिहा, की या बाईंना दिसता कामा नये."

अकरा माना खाली, बावीस कान टवकारलेले. साहेब लालबुंद झाले, पण कागद काही आला नाही. आलं ते दुसरंच. गुरुवारी शिपायानं निरोप आणला की बाईंचं टेबल जिन्याजवळच्या अडगळीत हलवलंय, मशीनही तिथलंच वापरायचं.

"भांडा ना, बाई," शेजारचा कुजबुजला. त्याची मान महिनाभर अवघडलेली होती. त्यालाही पडद्याची मांडणी वेगळी हवी होती, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती.

"टेबलासाठी कशाला भांडू? तुझी फाइल कशी करायची ते आधी शिकून घे."

त्याला शिकवून बाई जिन्याजवळ गेल्या. मशीन जुनं, घरघरणारं. त्यांनी सर्व्हरवरून फाइल उघडली. पिवळा पडदा आला, मोठी अक्षरं आली, डावीकडे नियम, उजवीकडे चाचण्या, आणि कर्सर काल सोडलेल्या ओळीवर लुकलुकत उभा.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. पुढची सहा वर्षं त्यांनी सुट्टीचं वेळापत्रक त्याच अडगळीत बसून लिहिलं. बढती मिळाली नाही. ऑफिसातल्या सात जणांच्या स्वतंत्र फाइली मात्र त्यांच्या हातून झाल्या, आणि त्यातल्या एकालाही त्यांनी साहेबांची परवानगी काढायला लावली नाही.