पर्कोलेटर आणि रबरी चटई

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीनंतर ते घराच्या पुढच्या खोलीत विजेवरची जुनी उपकरणं दुरुस्त करून देतात. आयुष्यभर विजेवर पोट भरलं, आणि भीतीही तिचीच. दुरुस्त केलेली वस्तू चालू करून ते तिला नेहमी उलटा हात लावतात. तळहाताने धरली आणि करंट लागला, तर मूठ आवळते, सुटत नाही. उलटा हात झटक्याने मागे येतो. ताई म्हणते, "माझा हातसुद्धा आधी असाच चाचपून मग धरला असेल यांनी."

परवा एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी कॉफीचा जुना पर्कोलेटर, म्हणजे विजेवर कॉफी उकळायचं भांडं, त्यांच्याकडे आणून दिला. आत काळा थर, मधली नळी तुंबलेली, वायरीवरचं कापड विरलेलं. दाजींनी तो लिंबूसताच्या गरम पाण्यात भिजवला, नळीतून बारीक ब्रश फिरवला, वायर बदलली, बाहेरून आरशासारखा घासला. मीटर लावून तपासला, तो कोरडा असताना. पाणी उकळत असताना लावला तो फक्त उलटा हात. काही जाणवलं नाही. बाई खुशीत घेऊन गेल्या.

त्याच दिवशी मी ताईकडे जेवायला होतो. ताई केरसुणी घेऊन आली.

"अहो, पाय उचला. चटई झाडायचीय."

दाजींच्या टाचा दुखतात म्हणून तिनेच नुकतीच त्यांच्या कामाच्या टेबलाखाली जाड रबरी चटई घातली होती. दाजी त्या चटईकडे बघतच राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी रबरावर उभा होतो रे. करंट असता तरी मला कळला नसता. आणि बाई घरात अनवाणी वावरतात."

फोन लावला. नुसता वाजत राहिला. "त्यांना ऐकूच कमी येतं," दाजी पुटपुटले आणि तसेच निघाले. दुखऱ्या टाचांनी ते असे पळत होते की मला गाठता येईना.

बाईंच्या दारावर घंटा वाजवली, धक्के मारले. आत टीव्ही मोठ्याने चालू. दाराच्या फटीतून कॉफीचा वास येत होता.

"चालू केलाय," दाजी म्हणाले. दुसऱ्याच क्षणी ते जिन्याखाली मीटरच्या फळीकडे धावले आणि बाईंच्या घराचा मेन स्विच त्यांनी खाली ओढला.

टीव्ही बंद पडला. मी दाराला कान लावला. काहीच नाही.

मग आतून आवाज आला, "आत्ताच जायची होती का मेली लाईट!"

दार उघडलं. दाजी धापा टाकत वर आले. "बाई, पर्कोलेटरला हात लावलात?"

"अं?"

"हात! हात लावलात?"

"लावला की. जरा झिणझिण्या आल्या. म्हटलं, वय झालं आता."

दाजींनी तडक आत जाऊन प्लग उपटला आणि तापलेला पर्कोलेटर टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला.

"अहो, माझी कॉफी!"

"गॅसवर करा. पाया पडतो तुमच्या."

मेन स्विच वर करायला त्यांनी मला पाठवलं. "करू का?" मी खालून हाक दिली.

"थांब!" दाजी वरून ओरडले. "प्लग काढलाय ना, ते पुन्हा एकदा बघतो."