मास्तरांच्या हातावरचे डाग

शिवणकाम करणारे मास्तर जिभेचे तिखट. हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हा डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबद्दल बजावलं होतं. रोज ठरल्या वेळी, ठरली तेवढीच. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. अंगदुखीचं औषध मनाने आणायचं नाही, रक्ताची तपासणी चुकवायची नाही. मुलगा तेव्हा फोनवर होता. ऐकलं ते सुनेने, आणि वर्षभर निभावलंही तिनेच.

त्या गोळीने जरासा धक्का लागला तरी मास्तरांच्या हातावर काळानिळा डाग उठायचा. कपडे शिवायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हे काय हो मास्तर?"

मास्तरांनी आवाज खाली आणला. "सून चिमटे काढते. सांगणार कुणाला?"

बाई हळहळल्या. मास्तरांना ते गोड लागलं. मग जो येईल त्याला ते बाही वर सारून दाखवू लागले. आठवड्यात गल्लीभर झालं, आणि सुनेची नणंद, मास्तरांची लेक, तरातरा आली.

"अहो वन्सं, गोळीने होतं ते. डॉक्टरांना विचारा."

"गोळीला बोटं असतात का? दादा, आजपासून गोळ्या तू द्यायच्यास!"

मास्तर मशीनवर कॉलर शिवत होते. मान वर केली नाही.

दादा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, दोन दिवस विसरायचा, तिसऱ्या दिवशी तीन एकदम द्यायचा. गुडघा दुखतो म्हटल्यावर त्याने दुखण्याच्या गोळ्याही आणल्या.

"अहो, या मुळीच नका देऊ. पोटात, डोक्यात रक्तस्राव होईल."

"तुझ्यामुळे अब्रू गेली तेवढी पुरे."

रक्ततपासणीची तारीखही टळली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मास्तरांच्या हिरड्यांचं रक्त थांबेना. "आत्ताच्या आत्ता न्या," सून म्हणाली. दादा म्हणाला, "संध्याकाळी बघू." दुपारी मास्तर मशीनवरच कलंडले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

जीव वाचला, वाचा गेली, उजवं अंग गेलं. आता भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं सुनेवर. नणंद लांबूनच चौकशी करते.

एकदा शेजारणी भेटायला आल्या. मास्तरांनी डाव्या हाताने सुनेचं मनगट घट्ट धरलं, ‘नाही, नाही’ अशी मान जोरजोरात हलवली, घशातून नुसती घरघर काढली. डोळ्यांतून धार लागली.

"बघा ना," एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "किती धसका घेतलाय हिचा."

त्या गेल्यावर सुनेने कडी लावली. पुन्हा कुणी भेटायला आलं, तर तिने दार उघडलं नाही.