अबुधाबीला यायची कारणं

आमच्या अल रीम आयलंडवरच्या मराठी ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की पहिल्याच चहाला प्रश्न येतो, "तुम्ही इकडे कसे काय?" समोरचा मनापासून कारण सांगतो, आम्ही मनापासून माना डोलावतो. वर्षभर थांबलं की त्या कारणाचाच किस्सा होतो! बारा वर्षं मी हे ऐकतेय. साठा इतका झालाय की आता थोडे वाटून टाकावेत म्हणते.

मिलिंद पुण्याचा, आयटीतला. "ट्रॅफिकमध्ये आयुष्य चाललं होतं गं. रोज दीड तास! फॅमिलीला वेळ देता यावा म्हणून आलो." छान. बायकोचं ऑफिस जवळ म्हणून घर घेतलं रीमवर. मग त्याला आणखी चांगला जॉब मिळाला, दुबईत! आता सकाळी सहाला निघतो. दीड तास जायला, दीड तास यायला.

मी म्हटलं, "अरे, हे तर पुण्याच्या दुप्पट झालं!"

"हो, पण रस्ता सरळ आहे!"

रेश्माचं कारण फारच वरच्या दर्जाचं होतं. "ईराला ग्लोबल एक्स्पोजर मिळायला हवं." ईरा केजीत. शाळा सुरू होऊन तीन महिने झाले आणि रेश्माने आम्हाला जेवायला बोलावलं. ईराच्या ताटात भेंडी पडली, तशी ती भेंडी बाजूला ढकलत ओरडली, "वेंडा!"

"ऐकलंत? अरेबिक!" रेश्माचा चेहरा उजळला. "घरात कोणी शिकवलं नाही हं! आपोआप!"

आम्ही कौतुक करतोय तेवढ्यात शेजारच्या केरळच्या बाई डबा परत द्यायला आल्या. ईराने भेंडी पुन्हा ढकलली. "वेंडा!"

बाई खूश! "अरे वा, 'नहीं चाहिए' बोला! इतनी अच्छी मलयालम किसने सिखाया?"

"माय बस आंटी!" ईरा म्हणाली.

फेलिक्स वसईचा, हॉटेलात फ्रंट ऑफिसला. त्याचं कारण एका शब्दाचं होतं, "नातेवाईक!" गावात म्हणे कोणीही बेल न वाजवता थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचं. इकडे त्याने खलिफा सिटीत व्हिला घेतला. चार बेडरूम, शांतता, खलास!

व्हिलाचे फोटो वसईला पोचले. पहिल्यांदा मावशी आली, मग मेहुणा जॉब शोधायला आला, मग मेहुण्याला जॉब का मिळत नाही ते बघायला सासू आली. एका शनिवारी दुपारी फेलिक्स स्वतःची उशी घेऊन आमच्या सोफ्यावर झोपायला आला.

"वसईला संध्याकाळी आपापल्या घरी तरी जायचे," तो म्हणाला. "इथे प्रत्येकाचा व्हिसा साठ दिवसांचा!"

अविनाश आमच्यातला विचारवंत. ऑगस्टमधली दुपार, आमच्याच घरी सगळे जमलेले, एसी फुल. "आपल्याकडे माणसाला माणूस म्हणून किंमत नाही," तो सांगत होता. "मी आलो ते इक्वॅलिटीसाठी. इथे तुम्ही कोण, कुठले, कोणी विचारत नाही."

बेल वाजली. दार अविनाशनेच उघडलं. बिर्याणी घेऊन आलेला माणूस उभा होता, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

"इस लिफ्ट से क्यूँ आया? सर्व्हिस लिफ्ट है ना उधर!"

"सॉरी सर," म्हणून त्याने पिशव्या दिल्या. अविनाशने दार लावलं आणि जागेवर येऊन बसला.

"हां, तर मी काय म्हणत होतो?"

बिर्याणी सगळ्यांनी खाल्ली. मीसुद्धा.

आणि हे सावंतकाकांचं. काका मालवणचे. खोर फक्कानच्या बंदरात तीस वर्षं क्रेन चालवतायत. धाकट्या मुलीचं लग्न झालं आणि काकू पहिल्यांदा इकडे राहायला आल्या, त्याला आता वर्ष होईल. आम्ही दोन गाड्या भरून त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. सुरमईची कढी, भात, खिडकीतून समुद्र.

मिलिंदने सवयीने विचारलं, "काका, तुम्ही इकडे का आलात?"

काका ताठ बसले. "फॅमिलीसाठी! दुसरं कारणच नाही. मुलींची शिक्षणं, लग्नं, गावचं घर, सगळं फॅमिलीसाठी."

"आणि काकू, तुम्ही?"

काकू माशाचा काटा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे वर्षातून एक महिना घरी यायचे, पाहुण्यासारखे. म्हटलं, बाकीचे अकरा महिने कसे असतात ते एकदा जाऊन बघावं."

आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्याने काका.

"मग? काय दिसलं?" रेश्माने विचारलं.

"अजून पाहुणेच आहेत," काकू म्हणाल्या.

हसता हसता काकांना ठसका लागला. ते उठले, फ्रिजपाशी गेले, हँडलवर हात ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "पाणी घेऊ काय गो?"