बाबांचा लांब स्क्रूड्रायव्हर

बाबांच्या खणातल्या लांब स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीला अजून ग्रीसचा वास येतो. सांगलीतल्या त्यांच्या अभियांत्रिकी सल्लागार कचेरीने दुष्काळी माण तालुक्यातल्या एका गावाची पाणीयोजना विनामूल्य आखली होती. पंप सुरू झाला त्या दिवशी मीही बाबांबरोबर गेले होते. नळाला पाणी आलं, तेवढ्यात बाबांनी आतला आवाज ऐकायला स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावली.

“बंद करा. बेअरिंग बिघडलंय.”

“आवं सायेब, लय दिसांनी पानी आलंय, आन् बंद?” सरपंच चिडले. घागरी घेतलेल्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या.

बाबांनी मूठ माझ्या कानाशी धरली. मला नुसती पंपाची नेहमीची घरघर ऐकू आली. “हो, खरखरतंय,” मी म्हणाले.

पंप उघडला, तर बेअरिंग तडकलेलं निघालं.

परतताना बाबांनी विचारलं, “तुला ऐकू आलं नव्हतं ना? मग हो का म्हणालीस?”

त्याचं उत्तर आज मूठ कानाशी धरून देते: तुम्ही एकटे पडला होतात, बाबा.